आमच्याविषयी

नेमगोंडा मगदुमांचा फोन यायचा
बरोबर जेवायच्या वेळी.
"मॅडम, तेवढं दोनशे चाळीसचं दोनशे साठ करा की.
शेंगदाणा वाढलाय."

मी विश्रामबागेत, कुरिअरवाल्याच्या वरच्या खोलीत,
उजव्या हातात भाकरीचा तुकडा,
डाव्या हाताच्या एका बोटानं
चाराचा सहा करायची.
कधी सहाचा पुन्हा चार.
कधी "घरगुती कारणानं दोन दिवस बंद."
महिनाअखेर बिलात एक ओळ:
किरकोळ बदल, दीडशे रुपये.

एकदा मी तापानं पडले,
आणि त्याच आठवड्यात नदी वाढली.
आयर्विन पुलावर पाणी बघायला गर्दी,
पेठेत चुरमुऱ्याची पोती माळ्यावर,
आणि वेबसाइटवर माझं वाक्य
हसतमुखानं उभं:
आजच भेट द्या!
तासगावहून एकजण आला म्हणे स्कूटरवर,
चौकातलं पाणी बघून परत गेला.
त्या उद्गारचिन्हाची लाज वाटली मला.

मग एक पान बनवलं, नुसतं त्यांच्यासाठी.
तीन बटणं, तळहाताएवढी:
भाव. सुट्टी. फोटो.
चुकलं तर "मागं घ्या."
संपलं की "झालं."

"आणि सगळंच पुसलं गेलं तर?"
"नाही जाणार."
"तुम्ही म्हणताय."
मसाल्याचं बोट त्यांनी विजारीला पुसलं
आणि तराजूत शेवटची चिमूट सोडावी
तसं हळूच "झालं" दाबलं.
मग रस्त्यावर जाऊन
दुकानाची पाटी बघून आले,
तिथं काही बदललं का.

फोन थांबले. भाकरी गरम मिळू लागली.
बिलातली ओळ गेली, मीच घालवली.
नवरा म्हणाला, शहाणी आहेस.
कुठल्या अर्थानं, ते विचारलं नाही.

पण सवयीनं रोज डोकावायची.
"लसणाचं आन् बिनलसणाचं,
कढया वेगळ्या, डबे वेगळे, झाकणं बी वेगळी."
"आज भडंग जरा तिकट झालंया.
पोरांना देऊ नये."
दुरुस्त करायला बोट पुढं गेलं.
थांबलं.
तिखटाला तिकट म्हणणाऱ्या या माणसाचंच
भडंग खात मी मोठी झाले.

चौथ्या पानाला कुलूप लावायचं राहून गेलं होतं.
तिथं माझाच परिच्छेद होता:
गुणवत्ता, विश्वास आणि परंपरा यांचा त्रिवेणी संगम.
हाच संगम मी इस्लामपूरच्या खडी क्रशरला दिलेला,
मिरजेतल्या दातांच्या दवाखान्यालाही.
एका सकाळी तो नव्हता.

"दुकान वडलांनी काढलं.
मी गल्ल्यावर बसतो.
भडंग भाजतात त्या रत्नाबाई ऐवळे. बावीस वर्षं झाली.
मसाल्याचं माप त्यांच्या हातात हाय,
कुठं लिवलेलं न्हाई.
त्या गावाला गेल्या की दुकान बंद असतंय.
लोक नाव माझं घेतात.
म्हणून इथं सांगून टाकलं."

म्हणजे डाव्या हाताच्या एका बोटानं
मी टाइप केलेल्या त्या सगळ्या सुट्ट्या,
घरगुती कारणाच्या,
त्यांच्या होत्या.

परवा फोन आला. बरोबर जेवायच्या वेळी.
"मॅडम, रत्नाबाईंचा फोटो टाकलाय,
पण त्या आडव्या पडल्यात.
उभ्या कशा करायच्या?"
"वर गोल बाण आहे, तो दाबा."
"दाबला. आता डोक्यावर उभ्या हायत."
"अजून दोनदा."

पलीकडं कढईवर झारा आपटला,
कुणीतरी हसत म्हणालं,
"आण्णा, हळू फिरवा की, भोवळ येतीया मला."